नसलेल्या भूमीचे प्रामाणिक नकाशे

नोव्हेंबर २०१२ मधील गोष्ट. ऑस्ट्रेलियाचे ‘सदर्न सर्व्हेअर’ हे संशोधन-जहाज कोरल समुद्रात एका बेटाच्या शोधात निघाले होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या दरम्यानचे हे ‘सँडी आयलंड’ अनेक नकाशांत दाखवलेले होते. संगणकावरील नकाशांतही ते होते. लांबी सुमारे चोवीस किलोमीटर. मात्र जहाजावरील सागरी तक्त्यात त्याच जागी खोल पाणी दाखवले होते. ही विसंगती शास्त्रज्ञांना खटकली आणि प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे ठरले. जहाज नेमक्या त्या अक्षांश-रेखांशावर पोहोचले, तेव्हा चहूकडे केवळ पाणी होते. खोली मोजली, ती तेराशे मीटरहून अधिक भरली. १८७६ मध्ये व्हेल माशांची शिकार करणाऱ्या एका जहाजाने केलेली नोंद एका नकाशातून दुसऱ्या नकाशात उतरत आली होती. मूळ नोंद पडताळून पाहण्याचे कष्ट कित्येकांनी घेतलेच नव्हते.

योगायोग असा की, त्याच २०१२ साली आणखी एका नकाशाचा आरंभ झाला. त्या नकाशात केवळ एक बेट नव्हे, तर संपूर्ण पृथ्वीच अस्तित्वात नसलेली आहे. त्यातील खंड, देश, नद्या, शहरे, गल्ल्या, रेल्वे स्थानके, उद्याने हे सारे कल्पित आहे. तरीही त्या नकाशाने कोणाची दिशाभूल केलेली नाही. कारण आपण कल्पित आहोत हे तो उघडपणे सांगतो. त्याचे नाव ‘ओपनजिओफिक्शन’. निरनिराळ्या देशांतील, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे आपापल्या घरी संगणकासमोर बसून ही एकच पृथ्वी मिळून रेखाटत आहेत.

एका नकाशात एकच बेट खोटे होते आणि तो सदोष ठरला. दुसऱ्यात सर्वच भूमी नसलेली, तरी तो निर्दोष राहिला. सत्य, कल्पना आणि असत्य या तीन गोष्टींतील भेद समजून घेण्यास याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण. सत्याणुव्रताचे संस्कार ज्या घरांत मुलांवर केले जातात, त्या घरांनी तर या छंदाकडे थोडे थांबून पाहावे.

बालपणीच्या वहीतून

कल्पित भूमीचा नकाशा काढण्याची हौस नवी नाही. टॉमस मोर यांचा ‘युटोपिया’ १५१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात त्या कल्पित बेटाचे चित्र छापलेले होते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१ च्या पावसाळी उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे आपल्या सावत्र मुलासह राहत असताना एका बेटाचा नकाशा रंगवण्यात रमले. त्या नकाशातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मास आली. पुढे पुस्तक छापण्याच्या वेळी प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाला. तेव्हा कथेतील प्रत्येक उल्लेख तपासून, त्याच्याशी जुळेल असा नकाशा त्यांना पुन्हा तयार करावा लागला. पहिला नकाशा आनंदाने झाला होता, दुसरा हिशेबाने. हरवलेली खातेवही पावत्यांवरून पुन्हा लिहिण्यासारखेच ते काम होते.

ब्राँटी भावंडांची हकीकत याहूनही हृद्य आहे. १८२६ मध्ये इंग्लंडमधील हॉवर्थ येथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांनी आपल्या मुलासाठी लाकडी सैनिकांचा एक संच आणला. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चार भावंडांनी त्या सैनिकांना नावे दिली, त्यांच्यासाठी ‘ग्लास टाउन’ नावाची नगरी रचली आणि तिच्याभोवती राज्ये वसवली. ब्रॅनवेलने त्या राज्यांचा नकाशा काढला. पुढे एमिली आणि ॲन यांनी स्वतंत्रपणे ‘गोंडल’ नावाचे बेट कल्पिले. हे नाव वाचताच आपल्या वाचकांना सौराष्ट्रातील गोंडल आणि तेथील संप्रदाय आठवेल. हे गोंडल मात्र उत्तर पॅसिफिक महासागरात कल्पिलेले. ॲनने आपल्या शालेय भूगोलाच्या पुस्तकातील खऱ्या स्थळनामांच्या यादीत गोंडलमधील नावेही लिहून ठेवली होती. या तिन्ही बहिणी पुढे इंग्रजी साहित्यात अजरामर झाल्या. लेखणीचा पहिला सराव त्यांनी अशाच नसलेल्या देशांत केला होता.

आजही अनेक मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावर एखादे बेट, एखादा किल्ला, वळणे घेत जाणारी नदी रेखाटलेली आढळते. पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. फरक एवढाच झाला की, ती वही पूर्वी एका घरात बंद होती आणि आज ती महाजालावर उघडली गेली आहे. एकाने नदी काढली, तर दुसरा तिच्यावर पूल बांधू शकतो.

नकाशा घडतो कसा?

ओपनजिओफिक्शनची यंत्रणा समजण्यासाठी आधी खऱ्या जगाचा एक नकाशा समजून घ्यावा लागतो. त्याचे नाव ‘ओपनस्ट्रीटमॅप’. २००४ मध्ये लंडन येथे शिकत असलेल्या स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. सरकारी नकाशांची माहिती वापरणे त्या काळी इंग्लंडमध्ये महाग आणि अटींनी जखडलेले होते. लोकांनीच आपल्या परिसराची नोंद करावी आणि ती सर्वांना विनामूल्य वापरता यावी, असा त्यामागील विचार. यासाठी तयार झालेल्या आज्ञावलीही खुल्या आहेत. त्याच आज्ञावली ओपनजिओफिक्शनने आपल्या कल्पित पृथ्वीसाठी वापरल्या.

या नकाशाची रचना हिशेबाच्या वहीसारखी आहे. मूळ घटक म्हणजे बिंदू. प्रत्येक बिंदूला अक्षांश आणि रेखांश असतो आणि तो दशांशाच्या सात स्थळांपर्यंत नोंदवता येतो. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर. बिंदू क्रमाने जोडले की रेषा होते. रेषा स्वतःला येऊन मिळाली की क्षेत्र होते. अनेक रेषांचा समूह केला की बसमार्ग किंवा देशाची सीमा तयार होते. मग प्रत्येक घटकाला ओळख जोडायची. ही रेषा नदी, ही निवासी गल्ली, हे क्षेत्र वन, हा बिंदू रुग्णालय. संगणकाला चित्र दिले जात नाही, त्याला नोंदी दिल्या जातात. त्या नोंदींवरून तो चित्र काढतो.

हे चित्र लहान लहान चौकोनी तुकड्यांत साठवले जाते. सर्वांत दूरच्या दृश्यात सगळी पृथ्वी एका चौकोनात मावते. एक पायरी जवळ गेले की त्याचे चार चौकोन होतात, पुढच्या पायरीला सोळा. अठराव्या पायरीवर ही संख्या ६८७१ कोटींच्या वर जाते. त्यातील बहुसंख्य चौकोनांत केवळ समुद्र किंवा रिकामी भूमी असते. पण ज्याला एखादी गल्ली भरायची आहे, त्याच्यासाठी जागेची वाण नाही.

प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी, केव्हा, काय बदलले हे पाहता येते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. खाडाखोड करून मागचे पुसून टाकण्याची सोय नाही. उत्तम खतावणीचा नियमही याहून वेगळा नसतो.

कल्पनेलाही हिशेब लागतो

कल्पित जग म्हणजे मनाला येईल ते, असा समज होणे स्वाभाविक आहे. ओपनजिओफिक्शनचा दंडक याच्या नेमका उलट आहे. तेथील जग आजच्या काळातले आणि वास्तवाला धरून असले पाहिजे. उडत्या नगरी नाहीत, जादूचे किल्ले नाहीत. ‘उलेथा’, ‘तारेफिया’, ‘अर्चांता’ अशी खंडांची नावे कल्पित. पण त्यांवरील पाणी मात्र आपल्या पाण्यासारखेच उताराकडे वाहते.

हा एकच नियम पाळायचा म्हटला तरी किती अभ्यास लागतो! नदी डोंगरातून निघते, वाटेत उपनद्यांना मिळते आणि मोठी होत समुद्राकडे जाते. ती मध्येच दुभंगून दोन समुद्रांना मिळत नाही. शहर वसते ते नदीच्या उतारापाशी, बंदरापाशी किंवा दोन व्यापारी मार्गांच्या संगमावर. जुन्या पेठेतील गल्ल्या अरुंद आणि वाकड्या असतात. नंतरच्या वसाहतींचे रस्ते सरळ आणि रुंद असतात. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून ती घाटात वळसे घेते किंवा बोगद्यातून जाते. विमानतळाची धावपट्टी प्रचलित वाऱ्याची दिशा पाहून आखावी लागते. शाळेत घोकलेला भूगोल येथे प्रत्यक्ष कामाला येतो.

प्रक्षेपणाचा प्रश्न तर भल्याभल्यांना चकवतो. गोल पृथ्वी सपाट पटलावर दाखवताना हे नकाशे मर्केटर पद्धतीचा एक प्रकार वापरतात. त्यात ध्रुवांकडील प्रदेश फुगत जातात. साठ अंश अक्षांशावरील देश पटलावर दुप्पट लांबीचा आणि चौपट क्षेत्रफळाचा भासतो. ज्याने आपला देश तेथे वसवला आणि रस्त्यांची रुंदी डोळ्यांनी ठरवली, त्याची घरे प्रत्यक्ष मापात निम्मीच भरतात. पटलावर मोठे दिसते ते मापाने मोठे असतेच असे नाही, हा धडा त्याला तेथे मिळतो.

मापांच्या या शिस्तीचे महत्त्व जैन वाचकास निराळे सांगावे लागत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या शास्त्रांतील लोकरचना हा श्रद्धेचा आणि आगमप्रामाण्याचा विषय आहे. मनोरंजनासाठी रचलेल्या जगाच्या पंक्तीत तिला बसवणे उचित नव्हे. परंतु न दिसणाऱ्या भूमीचे वर्णन किती काटेकोर असू शकते, याचा वस्तुपाठ तेथे अवश्य मिळतो. जंबूद्वीपाचा विस्तार एक लक्ष योजने. भरतक्षेत्र एक भाग धरले, तर हिमवान पर्वत दोन भाग, हैमवत क्षेत्र चार, महाहिमवान आठ, हरिक्षेत्र सोळा, निषध बत्तीस आणि विदेहक्षेत्र चौसष्ट. तेथून पुन्हा निम्म्या-निम्म्याने उतरत नील बत्तीस, रम्यक सोळा, रुक्मी आठ, हैरण्यवत चार, शिखरी दोन आणि ऐरावत एक. ही बेरीज १९० होते. एक लक्षाला १९० ने भागले की भरतक्षेत्राचा विस्तार ५२६ पूर्णांक ६/१९ योजने येतो आणि शास्त्रात नेमका हाच आकडा आहे.

पुढे जंबूद्वीपाभोवती दोन लक्ष योजनांचा लवणसमुद्र, चार लक्षांचा धातकीखंड, आठ लक्षांचा कालोदधी आणि पुष्करवर द्वीपाचा मानुषोत्तर पर्वतापर्यंतचा आठ लक्षांचा अर्धा भाग. दोन्ही बाजूंची बेरीज चव्वेचाळीस लक्ष, मध्ये जंबूद्वीपाचे एक लक्ष, मिळून पंचेचाळीस लक्ष योजनांचे अढीद्वीप. कापडावर रंगवलेले पंधराव्या शतकापासूनचे अढीद्वीपपट आज उपलब्ध आहेत. हस्तिनापूर आणि पालिताणा येथे जंबूद्वीपाच्या रचना उभ्या आहेत. ताळा जुळतो, ही या साऱ्यातील लक्षणीय गोष्ट. वर्णन करणाऱ्याने एक भाग बदलला, तर साऱ्याच बेरजा बिघडतात. अशा मांडणीत मनमानीला वाव उरत नाही.

जमीन आपली, सीमा सर्वांची

ओपनजिओफिक्शनमध्ये काही प्रदेश एकेका सदस्याकडे सोपवलेले असतात, काही प्रदेश अनेकांनी नियोजनपूर्वक मिळून करायचे असतात आणि काही सर्वांना खुले असतात. ‘अर्चांता संघराज्य’ हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या धर्तीवर रचलेला सामुदायिक देश असून त्यातील राज्यांची रचना निरनिराळे सदस्य करतात. नवागताला स्वतंत्र देश हवा असल्यास आधी थोडे काम करून दाखवावे लागते.

मालकी मिळाली तरी ती निरंकुश नसते. सीमेवरील नदी शेजाऱ्याच्या बाजूलाही तिथेच आणि तेवढीच असली पाहिजे. महामार्ग सीमेपाशी संपून चालत नाही. त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागते. आपल्या राजधानीत जगातील सर्वांत मोठे बंदर असावे असे एकाला वाटले, तरी शेजारच्या पाच देशांनाही तेच वाटू शकते. मग संयमाने कोणीतरी मागे सरतो. आणि एखाद्याने घेतलेली भूमी दीर्घकाळ हात न लावता पडून राहिली, तर ती परत घेऊन दुसऱ्याला देता येते. निष्क्रिय खात्याला जो नियम, तोच येथे देशाला.

या भूमीचे भाडे येत नाही, ती विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. वर्षानुवर्षांचे काम केवळ नोंदींच्या रूपात आहे. तरीही तेथे ‘माझे’ आणि ‘तुझे’ यांवरून मने दुखावली जाऊ शकतात. परिग्रह वस्तूत नसून मूर्च्छेत आहे, आसक्तीत आहे, असे आपले आचार्य सांगत आले. ज्या भूमीचा मूठभर मातीचाही कण नाही, तिच्याविषयीही ममत्व उत्पन्न होते, याहून मोठा पुरावा कोणता?

आणखी एक कडक नियम तेथे आहे. खऱ्या शहराचा नकाशा उचलून आपल्या देशात डकवणे निषिद्ध आहे. पॅरिसच्या गल्ल्या आयत्या घेऊन त्यांना नवी नावे दिली, तर काम काही मिनिटांत होईल; पण ते दुसऱ्यांच्या श्रमाचे फळ असेल. वापराच्या अटी पाळणे, दुसऱ्याच्या परवानगीवाचून त्याचे न घेणे, हाच अचौर्याचा अर्थ. संगणकाच्या पटलावर तो बदलत नाही.

कल्पना आणि कूटलेख

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे. कल्पित नकाशा हा कूटलेख होय का? याचे उत्तर शोधताना नकाशांच्या इतिहासातील काही प्रकरणे उपयोगी पडतात.

जेम्स रेनेल हे बंगालचे सर्वेक्षण करणारे नामांकित भूगोलतज्ज्ञ. त्यांच्या बंगालच्या नकाशांना मोठी मान्यता होती. त्यांनी १७९८ मध्ये आफ्रिकेचा नकाशा तयार केला, तेव्हा प्रवाशांच्या वृत्तांतांवरून अनुमान बांधून पश्चिम आफ्रिकेत ‘कोंग पर्वतां’ची एक लांबलचक रांग दाखवली. पुढील सुमारे नव्वद वर्षे ही रांग नकाशांत उभी राहिली. १८८८ मध्ये फ्रेंच अधिकारी लुई-गुस्ताव्ह बिंजे तेथे पोहोचले आणि पर्वतरांग मुळात नाहीच, हे उघड झाले. रेनेल यांचा हेतू दुष्ट नव्हता. त्यांनी अनुमानाला अनुमान म्हटले नाही, एवढाच दोष. पण तो तीन पिढ्यांना पुरला.

दुसरे प्रकरण अमेरिकेतील. १९३० च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग या नकाशा-कंपनीचे ओटो लिंडबर्ग आणि त्यांचे सहायक अर्नेस्ट अल्पर्स यांनी न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर ‘ॲग्लो’ हे नसलेले गाव हेतुपुरस्सर घातले. ते नाव त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांची फिरवाफिरव करून बनवले होते. कोणी नकाशाची चोरी केली, तर हे गाव त्याच्या नकाशात सापडून चोर पकडला जावा, हा उद्देश. काही वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीच्या नकाशावर ॲग्लो दिसले. चोरी सापडली असे वाटले. परंतु चौकशीत निष्पन्न झाले की, नकाशातील नाव पाहून मधल्या काळात कोणीतरी त्या ठिकाणी ‘ॲग्लो जनरल स्टोअर’ थाटले होते! पुढे ते दुकानही बंद पडले. चोर पकडण्यासाठी का होईना, लिहिलेले खोटे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, हेच त्यातून दिसले.

तिसरे प्रकरण अधिक वेदनादायक. २०१८ मध्ये एका व्यक्तीने ओपनस्ट्रीटमॅपवर न्यूयॉर्क शहराचे नाव बदलून तेथे ज्यू समाजाचा द्वेष करणारे नाव घातले. स्वयंसेवकांनी ते लवकरच दुरुस्त केले. परंतु तेथील माहिती घेऊन नकाशे पुरवणाऱ्या एका कंपनीच्या प्रतीतून ते नाव अनेक मोबाइल ॲपवर झळकले. एका अल्पसंख्य समाजाला झालेला हा मनस्ताप दुसऱ्या अल्पसंख्य समाजाला समजावून सांगावा लागू नये.

या तिन्हींच्या तुलनेत ओपनजिओफिक्शनची भूमिका स्वच्छ आहे. त्याच्या नावातच कल्पित असल्याची कबुली आहे. त्याचा सर्व्हर स्वतंत्र आहे. त्यातील एकही गल्ली खऱ्या जगाच्या नकाशात मिसळू दिली जात नाही. इकडे ओपनस्ट्रीटमॅपचा नियमही तितकाच ठाम आहे: प्रत्यक्ष भूमीवर जे आहे तेच नोंदवावे. दोन्हींची आज्ञावली एक, हत्यारे एक, पुष्कळदा माणसेही तीच. त्यांच्यामध्ये भिंत आहे ती केवळ प्रामाणिकपणाची. कल्पना ‘मी कल्पना आहे’ असे सांगून येते, म्हणून ती निर्दोष. असत्य सत्याचा वेष घेऊन येते, म्हणून तो कूटलेख.

ही भिंत का महत्त्वाची, हे हैतीने दाखवून दिले. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली. मदतपथके पोहोचली, परंतु शहराचा तपशीलवार संगणकीय नकाशाच उपलब्ध नव्हता. तेव्हा जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांतच रस्ते, पडलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या छावण्या ओपनस्ट्रीटमॅपवर उतरवल्या. मदतपथकांनी तो नकाशा आपल्या उपकरणांत भरून घेतला. त्या घटकेला एखाद्याने हौसेखातर एक नसलेला रस्ता काढला असता, तर त्या रस्त्याच्या शोधात गेलेला वेळ ढिगाऱ्याखालील कोणाचा तरी प्राण घेऊन गेला असता.

घरातील मुलांसाठी

आपल्या घरातील मूल असा नकाशा काढत असेल, तर त्याला हटकू नये. त्याच्याजवळ बसावे आणि प्रश्न विचारावेत. या गावाला पाणी कोठून येते? हा रस्ता डोंगर कसा चढतो? येथील माणसे पोट कशी भरतात? मापप्रमाण कोठे लिहिले आहे? उत्तरे शोधताना भूगोल, गणित आणि व्यवहार हे तिन्ही विषय त्याच्या अंगवळणी पडतील. दोन भावंडे असतील, तर दोघांना शेजारचे देश द्यावेत आणि सीमेवरील नदी दोघांनी ठरवावी. नकाशाच्या खाली ‘काल्पनिक’ हा शब्द लिहिण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. त्या एका शब्दात सत्याणुव्रताचा पहिला धडा आहे.

हात तयार झाला की, त्याच मुलाला खऱ्या नकाशाकडे न्यावे. त्यासाठी आपल्या समाजात एक काम वाट पाहत आहे. चातुर्मास सोडला तर आपले साधू-साध्वी वर्षभर अनवाणी विहार करतात. वर्दळीच्या महामार्गांवर विहारात झालेल्या अपघातांची दुःखद वार्ता आपण अधूनमधून ऐकतो. सूर्यास्तानंतर ते चालत नाहीत. म्हणून पुढचे विहारधाम, उपाश्रय किंवा शाळेची इमारत किती अंतरावर आहे, महामार्ग टाळून जाणारी गाववाट कोणती, अचित्त पाण्याची आणि आहाराची सोय करू शकणारी घरे कोणत्या गावी आहेत, ही माहिती त्यांच्यासोबत चालणाऱ्या श्रावकांना अचूक मिळणे आवश्यक असते. ओपनस्ट्रीटमॅपवर जैन धर्मस्थळ नोंदवण्याची सोय आहे. पायवाटा, विश्रामस्थाने, पाण्याच्या जागा नोंदवण्याचीही आहे. घरांचा तपशील खाजगी असल्याने तो नकाशावर न टाकता स्थानिक संघाकडेच ठेवावा. परंतु वाटा आणि सार्वजनिक स्थाने एकेका गावच्या तरुणांनी स्वतः चालून, मोजून नोंदवली, तर विहारमार्गांचे एक भरवशाचे चित्र उभे राहील.

तेथे मात्र अंदाजाला जागा नाही. चार किलोमीटरवर दाखवलेला उपाश्रय सात किलोमीटरवर निघाला, तर तो फरक वैशाखातील तापल्या डांबरावरून कोणा वृद्ध साध्वीजींच्या पावलांना सोसावा लागेल. ऐकीव नोंद तपासल्याशिवाय उतरवून घेतली, तर सँडी आयलंडची पुनरावृत्ती आपल्याच रस्त्यावर होईल. ज्या मुलाने आपल्या नसलेल्या देशातील नदीसुद्धा उताराकडेच वाहू दिली आणि शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय सीमा हलवली नाही, तो हे काम निष्ठेने करील, असा विश्वास बाळगण्यास हरकत नाही.